लेझरला उपाशी जायचं नसतं

मधुमेहानं डोळ्याच्या पडद्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटल्या की पडद्याच्या कडेकडेनं लेझर मारतात. माझ्या दोन्ही डोळ्यांची मिळून सहा सिटिंग मिरजेत झाली, तासगावहून एसटीनं जाऊन-येऊन. ओसीटी (पडद्याचा स्कॅन), सह्या, पैसे भरणं यात सांगण्यासारखं काही नाही. खुद्द लेझरही पंधरा-वीस मिनिटांत उरकतो. घोडं अडलं ते थेंब घालून बसवतात त्या बाकावर.

हातात दिलेल्या कागदावर छापलं होतं : 'सकाळी ९ वाजता, उपाशीपोटी'. पडद्याच्या लेझरला उपाशी राहायची गरज नसते. भूल म्हणजे फक्त डोळ्यात घातलेले सुन्न करणारे थेंब. पोट हलकं ठेवायला सांगतात ते डोळ्याच्या अँजिओग्राफीच्या (पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात त्या) दिवशी, कारण शिरेतून रंग सोडल्यावर काहींना मळमळतं. पूर्ण भूल द्यायची असेल तर उपाशी ठेवतात, ते वेगळं. काउंटरवर मात्र सगळ्यांना एकच छापील कागद. आणि या बाकावर बसणारे बहुतेक सगळे साखरेचे पेशंट! सकाळी इन्सुलिन टोचायचं, गोळी घ्यायची आणि खायचं काही नाही, म्हणजे साखर खाली जाणारच.

त्यात वाट पाहणं लांबतं. बाहुली मोठी करायच्या थेंबांना साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात, पण मधुमेह जुना असला की बाहुलीच्या नसाही मंदावलेल्या असतात आणि आपल्यासारख्या गडद डोळ्यांत औषध सावकाश चढतं. तीन-तीनदा थेंब घालूनही सिस्टर बॅटरी मारून म्हणतात, "अजून नाही झालं, बसा." नऊचे साडेअकरा होतात. थेंब घातला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. डोळे मिचकावत मोबाईल बघत बसलात तर अर्धं औषध पाण्याबरोबर गालावर. ब्लडप्रेशर किंवा हृदयाचा त्रास असेल तर थेंबाआधीच सांगा, काही थेंबांनी प्रेशर वाढू शकतं.

खरी फसगत पुढे आहे. साखर घसरली की घाम येतो, हात थरथरतात, चिडचिड होते आणि धूसर दिसतं. थेंबांनीही धूसरच दिसतं. त्यामुळे पेशंट समजतो औषध लागू पडलं, सोबतचा समजतो म्हातारा वाट बघून वैतागला. त्या बाकावर धूसर दिसण्यावर विश्वास ठेवू नका, घाम आणि थरथर बघा. ग्लुकोमीटर पिशवीत असू द्या. ७० च्या खाली दिसलं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. बिस्किटं, भाकरी नंतर. त्यांची साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. बाकावर 'उपाशी आहे' म्हणून साखर नाकारणारे लोक मी पाहिलेत, म्हणून इतकं लांबवून लिहितोय. अपॉइंटमेंट घेतानाच दोन प्रश्न विचारा : त्या दिवशी अँजिओग्राफी आहे का, आणि इन्सुलिनचं काय करायचं. उत्तर डॉक्टरांकडून घ्या, काउंटरवरून नको.

आत गेल्यावर कपाळ पट्ट्याला घट्ट टेकवायचं, डोळ्यावर जेल लावलेली काच बसते आणि हिरवे लखलखाट सुरू होतात. सगळे मिळून एका डोळ्याला साधारण १२०० ते १६०० ठिपके पडतात, म्हणून दोन-तीन सिटिंग. कडेला, नस जाते त्या बाजूला, कळ डोक्यात जाते. तेव्हा मान हलवायची नाही, तोंडानं "थांबा" म्हणायचं, ते थांबतात.

उठल्यावर काही मिनिटं सगळं काळपट, जांभळट दिसतं. घाबरू नका, पडदा उजेडानं दिपलेला असतो. संध्याकाळपर्यंत जवळचं वाचता येत नाही आणि उन्हात डोळा उघडवत नाही, म्हणून काळा चष्मा आणि सोबत माणूस हवाच. मोटरसायकल घेऊन जाऊ नका. डोक्यावरून अंघोळ चालते. हे मोतीबिंदूचं ऑपरेशन नव्हे, कुठे चिरलेलं नसतं. फक्त चोळायचं नाही. डोळ्यात रक्त उतरलेलं असेल तर मात्र उशी उंच ठेवा, आणि फवारणीच्या औषधाचे कॅन उचलणं, वाकून काम करणं डॉक्टर सांगेपर्यंत बंद.

आता नजरेचं. हा लेझर नजर वाढवायला नसतो, आहे ती टिकवायला असतो. पडद्याच्या मधल्या भागाला सूज चढली तर काही आठवडे आधीपेक्षा कमीही दिसतं. म्हणून लगेच नवा चष्मा करू नका, नंबर ठरू द्या. माझा एक चष्मा असाच वाया गेला. रोज एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर त्याच अंतरावरून वाचा, खिडकीचे गज बघा. गज वाकडे दिसले तर सुजेची शंका घेऊन पुढच्या तारखेची वाट न बघता जा. एकदम काळे ठिपके, जाळी, पडदा ओढल्यासारखं किंवा डोळा लाल होऊन दुखणं आणि उलटी, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी.

कडेचा पडदा जाळलेला असल्यानं अंधारात कमी दिसतं आणि ते तसंच राहू शकतं. बागेला पाणी द्यायला रात्रीच्या लाईटवर मोटार चालू करायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बांधावर पाय चुकतो, हातात चांगली बॅटरी हवी. बाहेरून अंधाऱ्या गोठ्यात शिरतानाही क्षणभर थांबा. आणि साखर, प्रेशर, किडनीची तपासणी चालूच ठेवा. लेझरनं मधुमेह थांबत नाही.

हो, एक राहिलं. कोणत्या डोळ्याचं कितवं सिटिंग, ते फाइलच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं लिहून ठेवा, जुना ओसीटी बरोबर न्या.

सहाव्या सिटिंगच्या कागदावरही 'उपाशीपोटी' होतंच. मी पोहे खाऊन गेलो.