खिचडी आठवीपर्यंतच

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात मी डॉक्टर आहे. बीड जिल्ह्यातल्या अंगणवाड्या आणि शाळा फिरून पोरं तपासायची, हे काम. त्या दिवशी गेलो त्या गावातली निम्मी घरं कुलूपबंद. साखर कारखाने सुरू झालेले, आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर.

नववीतल्या एका मुलीच्या खिशात खडूचे तुकडे सापडले. "फळ्यापाशी खडू टिकतच नाही मॅडम, ही खाते," सर म्हणाले. वर्ग हसला. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक. नखं मधे खोलगट झालेली. बोटाला टोचून हिमोग्लोबिन काढलं तर ७.२! या वयात १२ तरी हवं. ८ च्या खाली म्हणजे थेट दवाखाना. अंगात लोह कमी पडलं की खडू, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. हे सरांना सांगितलं, तेव्हा ते गप्प झाले.

"सकाळी काय खाल्लंस?"

"चहा-खारी."

"दुपारी?"

तिनं फाटकाबाहेरच्या टपरीकडं पाहिलं. आजी रोज दहा रुपये देते, त्यात दोन पुडे येतात. रात्री भाकरी-बेसन, अन् त्यावर परत चहा. म्हणजे भाकरीतलं जे काही लोह मिळायचं, त्यातलंही चहा अडवणार. आठवड्याची लोहाची निळी गोळी ती मोरीत टाकत होती, मळमळतं म्हणून. उपाशीपोटी घेतल्यावर मळमळणारच की.

तेवढ्यात मधली सुट्टी झाली. व्हरांड्यात खिचडीच्या पंगती बसल्या आणि नववी-दहावीच्या पोरी सरळ टपरीवर गेल्या. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच. ऐन वाढीच्या वयात, पाळी सुरू झालेल्या पोरीचं ताट आपण काढून घेतो, हे मला कधीच पटलेलं नाही. खिचडीवाल्या मावशी म्हणाल्या, "उरली तर देते बाई, पण रोज कुठं उरती?"

मी टपरीवाल्या बाईंकडं गेले. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असले तेलकट, खारट पुडे विकायचे नाहीत, असा २०२० चा नियम आहे, म्हटलं. फुटाणे ठेवा, शेंगदाण्याची चिक्की ठेवा.

"ठेवले हुते फुटाणे. पोरांनी नाय, उंदरानं खाल्ले," त्या म्हणाल्या. "अन् मी टपरी उचलली, तर ह्या पोरी काय घरी जाऊन जेवणार हायेत? घरी हाय कोण?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. नियम मात्र मी त्यांना परत एकदा ऐकवला.

मुलीच्या वडलांना फोन लावला. मागं ट्रॅक्टरचा आवाज. "मुकादमाला इचारून सांगतो," म्हणाले. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली, मधेच उसाचा फड सोडून येणं सोपं नसतं. शेवटी आजीच तयार झाली. गाडीत बसताना तिनं विचारलं, "दवाखान्यात पोरीला जेवाय भेटतं ना?"

"भेटतं, दोन्ही टाइम," मी म्हटलं.