पावसाचे आकडे आणि स्क्यूनेस

मराठवाड्यात पाऊस सरासरीने पडत नाही. आठवडाभर ऊन, मग एका रात्रीत नदीला पूर. लातूरकडचे समजून दहा दिवसांचे काल्पनिक आकडे मिलिमीटरमध्ये घ्या: ०, ०, ०, ०, २, ३, ५, ८, १२, ७०. सरासरी १०, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) फक्त २.५. शेपूट उजवीकडे, मोठ्या आकड्यांच्या बाजूला लांब आहे, म्हणजे स्क्यूनेस (आकडे एका बाजूला किती कललेत त्याचं माप) धन.

मोजायचं कसं? प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करा, घन करा, त्यांची सरासरी काढा आणि प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याच्या मापाच्या) घनाने भागा. उत्तर २.५०. एक्सेलमध्ये हे 'स्क्यू.पी' देतं, नुसतं 'स्क्यू' नमुन्यासाठी दुरुस्ती करून २.९६ देतं. अहवालात कोणतं वापरलं ते लिहाच, नाहीतर दोघांची उत्तरं जुळत नाहीत आणि उगाच वाद होतो.

घनामुळे एकटा ७० सगळ्यांना खाऊन टाकतो. तो काढला की २.५० चं १.०३ होतं. म्हणून आधी नोंद तपासा: ७.० चा टिंब गळला नाही ना?

स्क्यूनेस खरंच शून्याहून वेगळं आहे की निव्वळ योगायोग, या चाचणीसाठी २.९६ ला प्रमाण त्रुटीने (नमुना बदलला की उत्तर साधारण किती हलेल त्या मापाने) भागतात. दहा आकड्यांना ती ०.६९ येते, भागाकार ४.३, १.९६ या नेहमीच्या मर्यादेच्या बराच वर. सहा भागिले आकड्यांची संख्या, मग वर्गमूळ, हा प्रमाण त्रुटीचा सोपा मार्ग मोठ्या नमुन्यालाच बरा. इथे तो ०.७७ सांगतो. शिवाय लागोपाठचे दिवस एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, तेव्हा या ४.३ वर फार विसंबू नका.

लांब शेपूट आखडायला आकड्यांचा लॉग घ्यायला जाल तर शून्यावर अडाल. घनमूळ चालतं.