स्पेक्ट्रमवरची वीटफोड, नोंद सातवी: चेंडू भिंतीत शिरायचा थांबला

मागच्या वेळी चेंडू आणि बॅट दोन्ही हलत होते, पण भिंतीशी काही जमत नव्हतं. गेल्या पंधरा दिवसांत जमलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. ४८ केच्या (म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीच्या) झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी, ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरसाठी, मी झेड८० असेंब्लीत, म्हणजे थेट त्याच्या प्रोसेसरच्या भाषेत, विटा फोडायचा खेळ लिहितोय. डोळ्यासमोर आहे तो 'थ्रू द वॉल'. १९८२ साली स्पेक्ट्रमच्या खोक्यात 'होरायझन्स' नावाची कॅसेट यायची, तिच्यात हा होता. पुढे आर्कनॉइड आणि बॅटी हे याच धाटणीचे खेळ आले, आणि याची आठवण कुणी काढेनासं झालं. माझ्याकडचं मशीन मामांचं आहे: डीबी स्पेक्ट्रम प्लस, डेसिबेल्सने १९८६ पासून परवाना घेऊन भारतात विकलं तेच. मामांना हा खेळ मित्राच्या कॅसेटवरून मिळाला होता आणि कॉम्प्युटरवर त्यांनी खेळलेला तो पहिला खेळ. माझा सगळा खटाटोप तिथूनच सुरू झाला.

आता भिंत. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा, पण रंग मात्र ८ बाय ८ च्या चौकोनालाच देता येतो. हे ७६८ चौकोन मेमरीत २२५२८ या पत्त्यापासून ओळीने मांडलेले असतात. विटांचा वेगळा तक्ता ठेवायचाच नाही असं मी ठरवलं. चौकोनाचा पार्श्वरंग काळा नसेल तर तिथे वीट आहे, बस. एक वीट दोन चौकोनांची, दोन्ही कडांना एकेक चौकोन भिंतीचा, म्हणजे एका ओळीत १५ विटा. सहा ओळींच्या ९०. शेजारशेजारच्या विटा एक साधी, एक ब्राइट ठेवल्या, त्यामुळे सांधा न काढताही वेगळ्या दिसतात. वीट फोडायची म्हणजे दोन बाइट काळे करायचे.

चेंडू विटेच्या कुठल्या अर्ध्यावर आदळला ते कसं ओळखायचं, यावर एक संध्याकाळ गेली. उत्तर इतकं सोपं निघालं की मी उठून फेऱ्या मारायला लागलो. रकाने शून्यापासून मोजले की प्रत्येक वीट विषम रकान्यात सुरू होते. चौकोनाचा पत्ता असतो एचएल या प्रोसेसरमधल्या दोन बाइटांच्या जागेत, आणि एल हा तिचा खालचा बाइट. मग एलमधून एक वजा करा, शेवटचा बिट शून्य करा, परत एक मिळवा. तीन सूचनांत विटेचं डावं टोक हातात.

मूळ दुखणं वेगळं होतं. मी चेंडू आडवा-उभा एकदम सरकवत होतो, नव्या जागी वीट दिसली की उभी दिशा उलटवत होतो. बाजूने आदळलेला चेंडू त्यामुळे आडवा पुढेच जायचा आणि वाळवीसारखा आख्खी ओळ खात सुटायचा. दोन विटा कोपऱ्याला कोपरा लावून उरल्या, तर त्यांच्या मधून सरळ निसटायचासुद्धा. आता आधी फक्त आडवा सरकवतो, पुढच्या कडेचे दोन्ही कोपरे तपासतो, लागलं तर मागे घेऊन आडवी दिशा उलटवतो. मग तेच उभ्यासाठी. कड एकाच वेळी दोन विटांना लागली तर दोन्ही फोडतो. खेळताना तेच न्यायाचं वाटतं.

लुकलुकणंही गेलं. पडदा सेकंदाला ५० वेळा रंगवला जातो. हॉल्ट ही पुढची फेरी सुरू होईपर्यंत थांबायची सूचना. ती संपल्यापासून चित्राची पहिली रेघ सुरू व्हायला १४,३३६ टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) मिळतात, आणि मी तो सगळा मोलाचा वेळ कळा वाचण्यात अन् आवाज काढण्यात घालवत होतो. चेंडू वर भिंतीजवळ गेला की अर्धा पुसलेला असतानाच रंगवला जायचा. खाली बॅटजवळ मात्र ठीक दिसायचा. आता हॉल्टनंतर सगळ्यात आधी पुसणं-काढणं, मग हिशेब, आवाज अगदी शेवटी.

रविवारी फोनवरून इअर सॉकेटमध्ये (कॅसेटचा आवाज आत घ्यायची जागा) वायर लावून खऱ्या मशीनवर लोड केला. आवाज पूर्ण वाढवावा लागला. लोड होताना कडेला लाल-आकाशी पट्टे, मग निळ्या-पिवळ्या बारीक रेघा, आणि भिंत उभी राहिली. मामा खुर्ची ओढून बसले आणि चष्मा न लावताच खेळायला लागले. चौथा चेंडू गेल्यावर म्हणाले, "बॅट सोडल्यावर जरा सरकते रे. पहिल्यात तशी नव्हती."

खरंच होतं. ब्रेकआउटला, विटा फोडायच्या मूळ खेळाला, फिरवायचा नॉब होता, इथे नुसत्या कळा, म्हणून कळ दाबून ठेवली की बॅटचा वेग वाढत जाईल असं मी केलं होतं. कळ सोडल्यावर मात्र तो एकेकाने कमी होत होता. तिथे थेट शून्य भरून पुन्हा लोड केला. मामांनी ९० पैकी ८७ फोडल्या. डाव्या कोपऱ्यातल्या तीन राहिल्या, कारण चेंडू एकाच वाटेने फिरत बसला. पुढच्या नोंदीत तीच गाठ सोडवायची आहे. किती टप्प्यांनंतर कोन थोडा बदलावा, याचा अनुभव असेल त्यांनी जरूर सांगा.