एन्टरची भावकी

दुपारी हात जरा रिकामे झाले की टर्मिनलला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीला, नवे शॉर्टकट जोडायची खुमखुमी येते. काम तसं किरकोळ. होम डिरेक्टरीत डॉट-इनपुटआरसी नावाची फाइल, तिच्यात एक ओळ: कंट्रोल-एम दाबलं की 'मेक' ही प्रोग्रॅम बांधायची कमांड ओळीवर उमटावी. एमला मेक, लक्षात ठेवायला सोपं. कंट्रोल-एक्स, कंट्रोल-आर दाबून बॅशला, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, फाइल पुन्हा वाचायला लावली की झालं.

आणि मग एन्टर जातं. जितक्यांदा दाबावं तितक्यांदा ओळीवर 'मेकमेकमेक', कमांड काही चालत नाही.

बॅशचा यात दोष नाही. त्याच्यापर्यंत कळ पोचतच नाही, पोचतो नुसता आकडा. आस्की म्हणजे प्रत्येक अक्षराला आकडा देणारी यादी; कंट्रोल म्हणजे कॅपिटल अक्षराच्या आस्की क्रमांकातून ६४ वजा. एम ७७, उरले १३. एन्टरचेही १३च. आय ७३, उरले ९, म्हणजे टॅब. एकाला हात लावला की दुसरा दुखावणारच, भावकीच ती! सुटका कंट्रोल-जेने होते: त्याचे १०, आणि बॅश त्यालाही एन्टरच मानतो.

जीचे उरतात ७, म्हणजे घंटा. टेलिटाइप ३३ या जुन्या टाइपयंत्रावर ती खरीखुरी वाजायची. आता बहुतेक जण तिचा आवाज पहिल्याच दिवशी बंद करतात, बिचारी.

कंट्रोल-एसची खोड मात्र जुन्या भाडेकरूसारखी. कंट्रोल-आरने इतिहासात शोधताना हवी ती कमांड मागे पडली, पुढे यायला कंट्रोल-एस दाबलं, की पडदा गोठतो. एस म्हणजे १९, 'पाठवणं थांबव' हा टेलिटाइपच्या जमान्यातला निरोप. कंट्रोल-क्यूने सुटतो, पण ते न सुचून खिडकीच बंद करणारे कितीतरी. बॅशआरसीत, म्हणजे बॅश सुरू होताना वाचतो त्या फाइलीत, 'एसटीटीवाय', जागा सोडून 'उणे आयएक्सऑन' लिहिलं की कटकट संपते.

एक आणखी. स्वतःची इनपुटआरसी आली की ईटीसी या सिस्टिमच्या फोल्डरमधली सगळ्यांसाठीची इनपुटआरसी वाचलीच जात नाही. होम, एण्ड अचानक रुसले तर बरेचदा त्यामुळेच. पहिल्या ओळीत ती 'इन्क्लूड' करावी, आधी डॉलरचं चिन्ह विसरू नये.

मेकला शेवटी कंट्रोल-एक्स आणि मग एम दिलं. कुणाच्या वाटेत नाही. तीन कळा. 'मेक'ची रोमन अक्षरं चार. वाचली एक.