नागपूरचे ऊन, नागपूरचा पाऊस आणि बाळाचे कापडी डायपर

आमच्या मुलीचा जन्म फेब्रुवारीच्या अखेरीस झाला आणि सव्वा महिना उलटल्यावर, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ती आईबरोबर महाल भागातल्या आजोळाहून मनीषनगरच्या आमच्या घरी आली. लंगोट-दुपटी धुण्याचे काम मी त्याच दिवसापासून माझ्याकडे घेतले, कारण पत्नीची झोप रात्री तीन-चार वेळा मोडत होती आणि निदान एवढे ओझे तरी तिच्यावरून उतरावे, असे मला मनापासून वाटत होते. त्या वेळी घरात कापडी डायपरचे चार-पाच प्रकार जमा झालेले होते. काही आम्ही घेतलेले, काही बारशाला आलेले. त्यांतले कोणते कामाचे आणि कोणते कपाटात पडून राहणारे, हे पुढच्या वर्षभरात वाळत घालण्याच्या दोरीने मला शिकवले. डायपरचा प्रकार ठरवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात, अशा मताला मी आलो आहे: तो कोणत्या महिन्यांत वापरायचा आहे, आणि तो धुणार-वाळवणार कोण.

सासूबाईंनी पणजीच्या सुती लुगड्याचे तीसेक तिकोनी लंगोट शिवून दिले होते. जुनेराचे कापड वर्षानुवर्षांच्या धुण्याने इतके मऊ झालेले असते की दुकानातली नवी मलमलही त्याची बरोबरी करत नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसातून दहा-बारा वेळा ओले करते, त्यामुळे तीस लंगोट ही संख्या जास्त वाटली तरी ती नेमकी पुरते. लंगोटात ओल थांबत नाही, थेट दुपट्यात आणि तिथून गादीवर उतरते, म्हणून खाली मेणकापड लागतेच. मात्र एप्रिल-मे महिन्यांत मला याच्याइतके चांगले दुसरे काही सापडले नाही. पारा 45 अंशांवर गेलेला असताना कूलरसमोरसुद्धा बाळाच्या जांघेत घाम साचतो, आणि अशा वेळी पाणी न झिरपणारे कोणतेही आवरण कमरेभोवती गुंडाळले की दुसऱ्या दिवशी घामोळे दिसते. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत तर आम्ही दिवसभर केवळ लंगोटच वापरला. दुपारी गच्चीवर टाकलेला लंगोट पंधरा-वीस मिनिटांत कडक वाळत असे, पिवळे डागही त्या उन्हाने आपोआप फिकट होत, आणि ब्लीचची बाटली घरात आणण्याची वेळ आली नाही.

लंगोटाच्या पुढची पायरी म्हणजे चौकोनी, अनेक पदरी घडीचे कापड, ज्याला प्रीफोल्ड म्हणतात, आणि त्यावर चढवायचे कव्हर. हे कव्हर पीयूएल नावाच्या कापडाचे असते, म्हणजे पॉलिएस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ थर बसवलेला असतो; मेणकापडाचेच काम ते करते, पण मऊपणे. आतले कापड बदलत राहिले की ओलसर झालेले कव्हर पुसून दोन-तीन वेळा पुन्हा वापरता येते, त्यामुळे चार कव्हर आणि गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेली मलमल घडी घालून केलेले वीसेक चौकोन एवढ्यात दिवस निघतो. खर्चाच्या दृष्टीने हा सगळ्यांत शहाणपणाचा मार्ग आहे, असे मी निःसंकोच सांगेन. एक काळजी मात्र घ्यावी: कव्हर आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात तासन्‌तास ठेवू नये. उन्हाने आतला थर आणि मांडीजवळच्या चुण्यांतले इलॅस्टिक दोन्ही लवकर निकामी होतात. कव्हर सावलीत आणि कापड उन्हात, अशी विभागणी मी पहिल्या महिन्यातच ठरवली.

सर्वाधिक जाहिरात होते ती पॉकेट डायपरची. बाहेरून पीयूएल, आतून पॉलिएस्टरचे मऊ अस्तर आणि दोहोंच्या मधल्या खिशात सरकवायचे शोषक पॅड, म्हणजे इन्सर्ट, अशी त्याची रचना असते. पुढच्या बाजूला टिचबटणांच्या ओळी असतात आणि त्यांच्या आधारे तोच डायपर लहान-मोठा करता येतो. इन्सर्ट वेगळे काढून वाळवता येते, हा त्याचा खरा गुण आहे आणि तो आपल्याला पावसाळ्यात कळतो. पण डायपर किती वेळ टिकेल हे खिसा ठरवत नाही, खिशात काय घातले आहे ते ठरवते, आणि खरेदी करताना नेमके तेच कोणी विचारत नाही.

मी एका रविवारी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मायक्रोफायबरचे, म्हणजे अतिशय बारीक कृत्रिम धाग्यांचे, आणि बांबू-सुताचे अशी दोन इन्सर्ट शेजारी मांडली आणि मापाच्या कपाने दोन्हींवर शंभर-शंभर मिलिलिटर पाणी ओतले. मायक्रोफायबरने पाणी क्षणात पिऊन टाकले. बांबूच्या पॅडवर ते थोडे रेंगाळले आणि मग हळूहळू आत गेले. त्यानंतर मी दोन्हींवर तळहात दाबला. मायक्रोफायबरमधून पाणी कडेने ओट्यावर उतरले, बांबूच्या पॅडखाली ओटा जवळजवळ कोरडा राहिला. बाळाला कडेवर घेतले किंवा गाडीतल्या आसनावर बसवले की बरोबर असाच दाब येतो आणि मांडीजवळून गळती होते, हे त्या वेळी उमगले. तेव्हापासून आम्ही वर मायक्रोफायबर आणि खाली बांबूचे किंवा हेम्पचे (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचे) पॅड अशी जोडी घालतो: वरचे पटकन ओढून घेते, खालचे धरून ठेवते. मायक्रोफायबर त्वचेला थेट लागू देऊ नये, कारण ते त्वचेतला ओलावाही शोषून तिला कोरडी करते; ते खिशाच्या आतच असावे. बांबू या नावाला भुलून ते निसर्गातून जसेच्या तसे आले आहे असेही समजू नये. ते बहुधा बांबूच्या लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून केलेले व्हिस्कोस असते. शोषण्याचे काम ते चांगले करते, एवढेच त्याचे मोल मानावे.

नवे इन्सर्ट थेट वापरले आणि डायपर पहिल्याच तासात गळला, ही तक्रार मी अनेक घरांतून ऐकली आहे. आमच्याकडेही तेच झाले होते. नव्या पॅडवर पाण्याचे थेंब अळूच्या पानावर फिरावेत तसे फिरत होते. सुती आणि बांबूची पॅड पाच-सहा वेळा धुऊन वाळवल्याशिवाय पुरती शोषू लागत नाहीत, हेम्पला त्याहूनही अधिक धुणी लागतात. म्हणून ही तयारी बाळ येण्याआधी, आठव्या महिन्यातच करून ठेवावी.

ऑल-इन-वन या प्रकारात शोषक पदर डायपरलाच शिवलेला असतो. जोडणे नाही, सरकवणे नाही. आजी-आजोबांच्या किंवा पाळणाघरातल्या मावशींच्या हाती देण्यास तो सर्वांत सोपा, हे मान्य. पण जुलैमध्ये झड लागली असताना पंख्याखाली ठेवलेला असा डायपर दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही शिवणीपाशी दमट लागत होता आणि त्याला कुबट वास येऊ लागला होता. आम्ही सहा घेतले होते. तेवढे घ्यायला नको होते.

पाण्याबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे, कारण डायपर वाईट आहे असे आपण ज्याला म्हणतो तो पुष्कळदा पाण्याचा दोष असतो. आमच्या इमारतीत पिण्यासाठी पेंच धरणाचे नळाचे पाणी आणि वापरासाठी बोअरचे. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, पावडर नीट काम करत नाही, आणि क्षार व साबणाचा अंश धाग्यांत बसत जातो. ऑगस्टमध्ये आमच्या इन्सर्टना सकाळी डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास येऊ लागला आणि मुलीची त्वचाही लाल झाली. मी आधी पावडर कमी केली, त्याने वास वाढला. मग धुण्याच्या सोड्याची जोड देऊन पावडर थोडी वाढवली, पहिले पाणी गार आणि मुख्य धुणे कोमट पाण्यात सुरू केले, आणि शेवटचे खळबळणे नळाच्या पाण्याने करू लागलो. आठवडाभरात वास गेला. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव मात्र कधीही घालू नये. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि पॅड पाणी पिणे सोडते.

तेलाचेही तसेच आहे. माझी आई वर्ध्याहून येऊन महिनाभर राहिली होती आणि रोज सकाळी नातीला खोबरेल तेलाने मालिश करत असे. आंघोळीनंतरही मांड्यांवर राहिलेले तेल पॉलिएस्टरच्या अस्तरात उतरे आणि मग लघवी आत जाण्याऐवजी वरूनच ओघळे. मी आईला म्हटले, "आई, मालिश झाल्यावर दोन-तीन तास तिला लंगोटच घालत जा." तिने ते आनंदाने मानले, आणि मालिशही सुटली नाही, डायपरही बिघडला नाही. पुरळावरच्या घट्ट मलमांसाठीही आम्ही हाच नियम ठेवला.

सहाव्या महिन्यात उष्टावण झाल्यावर शी घट्ट होते आणि काम बदलते. तोवर अंगावरच्या दुधाची शी पाण्यात सहज निघून जाते. नंतर ती आधी संडासात झाडून, जेट स्प्रेने धुऊन मगच कपडा बादलीत टाकावा लागतो. या टप्प्यावर अनेक घरे कापड सोडतात. आम्ही प्रवासात आणि लग्नकार्यात वापरून फेकायचे डायपर वापरले, त्याचा खेद नाही. मात्र घनकचरा नियमांत असा डायपर गुंडाळून वेगळा द्यावा असे स्पष्ट सांगितलेले असताना आमच्याच इमारतीच्या कचऱ्यात तो ओल्या-सुक्यात मिसळून भांडेवाडीच्या कचरा डेपोच्या वाटेला लागताना रोज दिसतो, तेव्हा आपल्या घरातून दिवसाला सात-आठ कमी गेले याचे मला समाधान वाटते.

माझ्या मेहुण्याकडे येत्या जुलैत बाळ येणार आहे. त्याच्यासाठी मी काल पिशवी भरली: जुनेराचे पंचवीस लंगोट, चार कव्हर, मलमलीचे बारा चौकोन आणि फक्त तीन पॉकेट डायपर. इन्सर्ट सहा वेळा धुऊन, मेच्या उन्हात वाळवून ठेवली आहेत. मेहुण्याने विचारले, "भाऊजी, ऑल-इन-वन एकही नाही?" मी म्हटले, "पाऊस उघडू दे, ऑक्टोबरमध्ये आमचे घेऊन जा."