पाडव्यानंतरच्या चार रात्री

वाईत आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, पण आमचं वर्ष मार्चमध्येच ठरतं. मे उजाडला की दारात गिऱ्हाईक उभं असतं, तेव्हा विचार करायला सवड मिळत नाही. मामंजी ३५ वर्षं गल्ल्यावर बसले, गेली सहा वर्षं दुकान मी बघते. आजवर मार्चअखेरीला शिल्लक माल अंदाजानेच लिहायचो. यंदा मात्र माळ्यापासून काउंटरपर्यंत एकेक वस्तू मोजली. माझ्यासारखं छोटं दुकान चालवणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहितेय.

मोजायचं मुख्य कारण जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर यांच्यावरचा कर शून्य झाला. कंपासपेटी १२ वरून ५ टक्क्यांवर आली, पेनं १८ टक्क्यांतच राहिली. पुस्तकांवर तर कर नव्हताच. म्हणजे माझ्या ४८ लाखांच्या विक्रीतला निम्म्याहून जास्त माल आता बिनकराचा. सीए म्हणाले, ‘वहिनी, तुमचं गिऱ्हाईक म्हणजे पालक. त्यांना कराचं बिल लागत नाही. कॉम्पोझिशनमध्ये या.’ कॉम्पोझिशन म्हणजे जीएसटीतली छोट्या दुकानदारांसाठीची सोपी योजना. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्याला ही सोय आहे. करपात्र मालाच्या विक्रीवर १ टक्का भरायचा, तोही तिमाहीला. माझी अशी विक्री साधारण २० लाखांची, म्हणजे वर्षाला २० हजार. मात्र गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही. शेवटची अट मला लागूच नाही. माझा माल फार तर पाचगणीपर्यंत जातो.

यात तारीख महत्त्वाची. नवं वर्ष सुरू होण्याआधी, म्हणजे ३१ मार्चच्या आत, सीएमपी-०२ हा या योजनेत येण्याचा अर्ज जीएसटीच्या पोर्टलवर भरावा लागतो. तो राहिला तर थेट पुढच्या वर्षी. शिवाय ३१ मार्चला दुकानात जो करपात्र माल शिल्लक असेल, त्यावर आधी घेतलेली वजावट परत करावी लागते. इथे अंदाज चालत नाही. वह्यांची वजावट सप्टेंबरमध्येच परत केली होती, आता पेनं, कंपास, कॅल्क्युलेटर, स्टेपलर राहिले होते.

पाडव्याची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून रात्री नऊला शटर अर्धं ओढून आम्ही बसलो. मामंजी स्टुलावर वही घेऊन, मी माळ्यावर, धाकटा दीर खाली गठ्ठे झेलायला. असं चार रात्री चाललं.

माळ्यावर चौकटी वह्यांचे २२ डझन निघाले. ते आहेत हे मला माहीतच नव्हतं, कारण पुढे कंपासपेट्यांची खोकी रचली होती. खालच्या गठ्ठ्याला कसर लागली होती. सुतळी सोडली तर पानांच्या कडा जाळीसारख्या झालेल्या. आणि चौरेघी वह्या? फक्त तीन डझन. पहिली-दुसरीच्या मुलांना हीच वही लागते, आणि गेल्या जूनमध्ये चौरेघी संपली म्हणून मी आयांना रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. लेकराचं बोट धरून उन्हातून आलेल्या बाईला ‘नाही’ म्हणताना जीव तुटतो.

असं का झालं, ते मोजता मोजताच उलगडलं. २०२३ आणि २०२४ मध्ये पाठ्यपुस्तकांतच लिहायला कोरी पानं होती, त्यामुळे माझ्याकडे वह्या कमी खपल्या. गेल्या वर्षीची मागणी मी त्याच दोन वर्षांच्या आकड्यांवरून लिहिली. पण २०२५-२६ पासून कोरी पानं बंद झाली होती. बातमी वाचली होती, मागणीच्या कागदाशी तिचा संबंध मात्र लावला नाही. चूक सर्वस्वी माझी.

कंपासपेट्या ७० उरल्या. ‘दहा डझनांवर एक डझन फुकट’ या स्कीमला मी भुलले होते. जुन्या पहिलीच्या गाईडचं तर काहीच होणार नव्हतं, कारण गेल्या जूनमध्ये पहिलीची पुस्तकं बदलली. पुढच्या इयत्तांचीही टप्प्याटप्प्याने बदलणार. म्हणून यंदा गाईड परतीच्या बोलीवरच घ्यायची आणि प्रत्येक इयत्तेची दहा-दहाच, असं ठरवलं. एजन्सीवाल्याने आढेवेढे घेतले, पण शेवटी तयार झाला.

उधारीची वही हा सगळ्यांत अवघड भाग. एकूण ६४ हजार. मामंजींनी एकेक नाव वाचलं आणि प्रत्येकापुढे कोण कुठे राहतो, घरी काय चाललंय ते सांगितलं. दोन नावांवर त्यांनी स्वतःच काट मारली. दोघींच्या घरचा कमावता माणूस गेला होता. बाकीच्यांना मी फोन केले नाहीत, संध्याकाळी घरी जाऊन भेटले. ४१ हजार आले.

शिल्लक माल खरेदीच्या भावाने ३ लाख ४० हजारांचा निघाला. परत करायची वजावट २१ हजारांच्या आसपास. अर्ज २७ तारखेला भरला. वजावटीचा फॉर्म आयटीसी-०३, त्याला नव्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० दिवस मिळतात. कॉम्पोझिशनवाले आहोत ही पाटी दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, ती मामंजींनी स्वतः खिळा ठोकून लावली. बिलबुकंही बदलावी लागली. नव्यावर ‘कर बीजक’ नाही, ‘बिल ऑफ सप्लाय’, म्हणजे वेगळा कर न लावलेलं बिल.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि मामंजी एसटीने पुण्याला गेलो, बोहरी आळीत. पूर्वी फोनवरच ऑर्डर द्यायचो. यंदा मामंजींनी खिशातून शाईचं पेन काढलं, दुकानदाराने दाखवलेल्या वह्यांच्या चार नमुन्यांवर एकेक ओळ लिहिली आणि पान उलटून उजेडात धरलं. दोन नमुन्यांत शाई फुटून मागे आली. तिसऱ्यात नाही.

‘हा घे,’ ते म्हणाले. ‘चौरेघी ४० डझन लिही. चौकटी एकही नको.’