बातम्या कळतात, गप्पा कळत नाहीत

"बातम्या नीट कळतात, भाषणही कळतं, पण चार जण आपसात बोलायला लागले की काहीच हाती लागत नाही. आता ऐकायला काय घेऊ?" चांगलं इंग्रजी येणारी माणसं मला हे वरचेवर विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बातम्या वाचून दाखवलेल्या असतात. गप्पांमध्ये माणसं वाक्य अर्धं सोडतात, एकमेकांना तोडतात, शब्द गिळतात. म्हणून आणखी जड विषय शोधू नका. जड शब्द तुम्हाला येतातच. निसटतात ते साधे शब्द, घाईत म्हटलेले.

माझंच सांगते. फोनवर एक अमेरिकन सहकारी म्हणाला, "आय कॅन्ट मेक इट ऑन थर्सडे." मी ऐकलं "कॅन", आणि गुरुवारी त्याची वाट बघत बसले. पुढे व्यंजन आलं की अमेरिकन बोलण्यात "कॅन्ट"मधला ट बहुतेक वेळा तोंडातच अडतो, कानापर्यंत येत नाही. खूण असते स्वरात. होकारातला "कॅन" वाक्याच्या मध्ये आखडून "कन्" होतो. नकारातला भरीव येतो, जोर घेऊन. मी ट ऐकायला टपलेली, आणि उत्तर त्याच्या आधीच येऊन गेलेलं! हे मला कुठल्याही वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. ते कळलं तेव्हापासून माझं ऐकणंच बदललं.

तेव्हा दोन गोष्टी बघून घ्या: बोलणं न लिहिता केलेलं असावं, आणि त्याचा शब्दन् शब्द लिहिलेला मिळावा. माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट. तिथले युक्तिवाद १९५५पासून ध्वनिमुद्रित होत आले आहेत, आणि ओयेझ या संकेतस्थळावर ते ऐकताना मजकूरही सोबत सरकतो. न्यायमूर्ती वकिलाला मध्येच अडवतात, वकील वाक्य मोडून नव्याने सुरू करतो. कायद्याची भीती वाटत असेल तर शाळा किंवा अभिव्यक्तिस्वातंत्र्य अशा ओळखीच्या विषयाचा खटला निवडा. साध्या माणसांच्या गोष्टी हव्या असतील तर १९९५पासून चालू असलेला 'दिस अमेरिकन लाइफ' हा रेडिओ कार्यक्रम आहे. त्याचीही लिखित प्रत मिळते. बीबीसीच्या रीथ व्याख्यानांत मूळ व्याख्यान लिहून आणलेलं असतं, म्हणून मी शेवटची प्रश्नोत्तरं आधी ऐकते.

लिखित प्रत मात्र पारखून घ्या. ब्रिटिश संसदेचा अधिकृत वृत्तांत, हॅन्सार्ड, पुनरुक्ती आणि चुका काढून छापतात. तो कानाला ताडून बघायच्या कामाचा नाही. यंत्राने आपोआप टाकलेली उपशीर्षकं तर नेमकी तिथेच चुकतात जिथे आपण अडतो.

वेगवेगळ्या उच्चारांसाठी 'इंटरनॅशनल डायलेक्ट्स ऑफ इंग्लिश आर्काइव्ह' ऐकाच. त्यातल्या बऱ्याच ध्वनिफितींत माणूस आधी ठरलेला उतारा वाचतो आणि मग स्वतःबद्दल मोकळेपणी बोलतो. आवाज तोच, माणूस तोच, पण वाचन संपून बोलणं सुरू झालं की शब्दांच्या कडा कशा झिजतात ते लगेच ऐकू येतं. एवढ्या एका फरकासाठी मी ते कितीतरी जणांना ऐकवलं आहे.

आणि एका वेळी एकच मिनिट घ्या. मजकूर झाकून ऐका, ऐकलं तसं कागदावर उतरवा, मग ताडून बघा. चुकलेल्या जागी लाल खूण करा, पण तिथेच थांबू नका. तो शब्द तिथे नेमका कसा ऐकू आला ते शेजारी देवनागरीत लिहून ठेवा. "शुड हॅव"समोर "शुडव्", "व्हॉट डू यू"समोर "वॉडया". आपली लिपी या कामाला फार उपयोगी पडते. आठवड्याने तेच मिनिट कागद न बघता पुन्हा लावा.